दसऱ्याखेरीजची सुट्टी

सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी जया नंदेश्वर रोलरच्या डाव्या बाजूला उभी होती. तिच्या हातात एका ओल्या चादरीची दोन टोकं होती, उरलेली दोन पलीकडे पार्वतीबाईंच्या हातात. दोघींनी चादर ताणली, तापलेल्या रोलरच्या तोंडाशी धरली आणि सोडून दिली. चादर आत गेली. दुसऱ्या बाजूनं ती कोरडी, कडक, ऊन-ऊन होऊन बाहेर पडली आणि घडी घालणाऱ्या बायकांनी ती उचलली. तोवर जयाच्या हातात पुढची चादर आली होती.

या लॉन्ड्रीत रेल्वेच्या एसी डब्यांतल्या चादरी धुतल्या जातात. नागपुरातून चारही दिशांच्या गाड्या जातात, त्यामुळे चादरीही चारही दिशांच्या असतात. प्रत्येक चादर एखाद्या माणसासोबत एक रात्र झोपून आलेली असते. जया इथं लागली तेव्हा सुरुवातीला तिला झटकणीला ठेवलं होतं. धुण्याआधी चादरी झटकायच्या. त्यातून शेंगदाण्याची फोलपटं पडायची, केसांच्या पिना पडायच्या, कधी लहान मुलाचा एक मोजा. दक्षिणेकडून आलेल्या गठ्ठ्यांतून कधीकधी बारीक वाळू पडायची. कन्हान नदीच्या वाळूसारखी नव्हे, पिठासारखी. जयानं समुद्र पाहिलेला नाही. ती वाळू ती क्षणभर तळहातावर घ्यायची आणि मग बाकी कचऱ्यासोबत झाडून टाकायची.

सात वाजेपर्यंत हॉल वाफेनं भरतो. ट्यूबलाइटभोवती कडी दिसू लागतात, पलीकडची माणसं पाण्याखालून चालल्यासारखी चालतात. बोललेलं अर्धं ऐकू येतं. जयाला ही वेळ आवडते. हात आपोआप चालतात आणि मन कुठंही जाऊन येतं. गेले चार दिवस ते एकाच ठिकाणी जात होतं. एका खोलीत, जिथं खिडकीबाहेर धुकं होतं आणि खिडकीलगत पलंग होता. त्या पलंगावरची पांढरी चादर तिनं ओढलेली नव्हती, धुतलेली नव्हती, इस्त्रीही केलेली नव्हती.

आज संध्याकाळपर्यंत तिला फोनवर हो किंवा नाही सांगायचं होतं. हो म्हटलं तर पुढची पंचवीस वर्षं दरवर्षी एक आठवडा अशी खोली नंदेश्वर कुटुंबाची होणार होती. नाही म्हटलं तर नव्हती.

सुरुवात पियुषनं केली होती. जयाचा हा मोठा मुलगा कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला आहे. एका मॉलमध्ये त्यानं वडलांच्या नावानं चिठ्ठी भरून डब्यात टाकली आणि विसरून गेला. मग फोन आला की, तुम्हाला भेटवस्तू लागली आहे, नवरा-बायको दोघांनी येऊन घेऊन जा. चंद्रभान, जयाचा नवरा, असल्या फोनला भीक घालणारा माणूस नव्हे. पण त्या दिवशी त्याची साप्ताहिक सुट्टी होती, आकाश निरभ्र होतं आणि जया म्हणाली, चला, एसीत तर बसू.

हॉटेलच्या हॉलमध्ये गोल टेबलं मांडली होती. बहुतेक रिकामी होती. पितृपक्षात लोक नव्या कागदावर सही करत नाहीत, म्हणून बोलावणाऱ्या हॉलिडे क्लबनं या पंधरवड्यात सवलत ठेवली होती. नंदेश्वरांच्या टेबलाशी मिनल नावाची तरुण मुलगी बसली. तिनं कॉफी मागवली, एक फिल्म दाखवली. धुकं, दरी, लाकडी गॅलरी आणि तो पलंग. फिल्म संपल्यावरही जया पडद्याकडे बघत होती. चादरीचा कोपरा गादीखाली किती नीट खोचला होता हे तिनं पाहिलं. तो कुणीतरी दुसरीनं खोचला होता.

मिनलनं नीट समजावलं. क्लबची रिसॉर्टं ठिकठिकाणी आहेत. वर्षातला एक आठवडा तुमचा. त्यासाठी काही महिने आधी बुकिंग करावं लागतं, आणि सुट्ट्यांच्या दिवसांत तर जितकं लवकर तितकं बरं. मग तिनं विचारलं, तुम्ही साधारण सुट्टी कधी घेता?

दोघं एकमेकांकडे बघून हसले. चंद्रभान वीज कंपनीत लाइनमन आहे. वादळ आलं की त्याची सुट्टी जाते, उन्हाळ्यात लोड वाढला की जाते, फीडर बंद पडला की मध्येच बोलावणं येतं. एकदाच त्यांनी पचमढीला जायचं ठरवलं होतं. मुलं लहान होती. बॅगा ऑटोत ठेवून झाल्या होत्या, तेवढ्यात फोन आला: कुठंतरी झाड तारांवर पडलं होतं. चंद्रभान त्याच ऑटोनं कामावर गेला. बॅगा परत वर आल्या. प्रवासाच्या पुऱ्या आणि बटाट्याची भाजी मुलांनी गच्चीवर बॅगांवर बसून खाल्ली. धाकटी मेघा तेव्हा सहा वर्षांची होती. ती आजही सांगते की पचमढीला पुऱ्या चांगल्या मिळतात.

चंद्रभाननं हे सगळं मिनलला सांगितलं नाही. त्यानं एवढंच सांगितलं की सुट्टीचा भरवसा नाही.

"पण असा एक तरी आठवडा असेल ना सर, जो कधीच चुकत नाही?"

"दसऱ्याचा," चंद्रभान म्हणाला. "तो कुणी घेऊ शकत नाही."

हे खरं होतं. त्यामागं एक जुनी अदलाबदल आहे. चंद्रभानच्या सेक्शनमध्ये पोळा, महालक्ष्म्या, दिवाळी, होळी या दिवशी ज्यांना घरी राहायचं असतं, त्यांच्या जागी तो उभा राहतो. त्याच्या घरी हे सण होत नाहीत. दसऱ्याला धम्मचक्र प्रवर्तन दिन असतो, तेव्हा ते सगळे त्याच्या जागी उभे राहतात. कुणी लिहून ठेवत नाही, साहेबही मध्ये पडत नाहीत. लॉन्ड्रीत जयाचंही तसंच आहे. त्यामुळे वर्षातला तो एकच आठवडा असा, की चंद्रभानचा कामाचा फोन दुसऱ्याच्या खिशात असतो आणि चौघंही घरी असतात.

मिनलचा चेहरा उजळला. क्लबची एक योजना ठराविक आठवड्याचीही होती. एकदा आठवडा बांधून घेतला की दरवर्षी बुकिंगची धावपळ नाही, खोली वाट बघत असणार. दसऱ्याच्या आठवड्याला फार मागणी असते, पण या पंधरवड्यात ती तो देऊ शकत होती. तुमच्यासारख्या कुटुंबासाठीच आहे हे, ती म्हणाली, आणि ती खोटं बोलत नव्हती.

जयाला त्याच क्षणी दसऱ्यातली भरलेली गच्ची आठवली. तिनं चंद्रभानकडे पाहिलं. त्यालाही आठवली होती, हे त्याच्या कानाच्या पाळ्यांवरून तिला कळलं. मिनलनं सोमवारी संध्याकाळपर्यंतची मुदत दिली. भेटवस्तू म्हणून काचेच्या वाट्या मिळाल्या. स्कूटरवर जयानं त्या मांडीवर धरल्या आणि रामबागेतलं घर येईपर्यंत तिला रस्त्याच्या दोन्ही बाजूंना धुकं दिसत राहिलं.

गच्चीची गोष्ट अशी आहे. पुष्कळ वर्षांपूर्वी दसऱ्याच्या आदल्या दिवशी संध्याकाळी जोराचा पाऊस आला. जयाचे सासरे लहानूजी तेव्हा मिलमध्ये कामाला होते. दीक्षाभूमीकडून परतताना त्यांना एका बंद दुकानाच्या पत्र्याखाली बायकापोरं आणि बोचकी घेऊन उभी असलेली माणसं दिसली. पुसदकडच्या एका खेड्यातून आलेली. लहानूजी त्यांना घरी घेऊन आले. पुढच्या वर्षी तीच माणसं स्वतःहून आली, त्यांच्यासोबत आणखी चार. तेव्हापासून दरवर्षी येतात. चंपतराव हा त्यांचा म्होरक्या. ते फोन करत नाहीत, कळवत नाहीत. दसऱ्याच्या दोन दिवस आधी गल्लीच्या टोकाशी पांढरे कपडे दिसतात आणि मेघा वरून ओरडते, आले. येताना तुरीची डाळ आणतात, तीळ आणतात. गच्चीवर ताडपत्री बांधली जाते. जिन्यावर चपलांची रांग लागते. तीन-चार दिवस घरात रांगोळीच्या ठिपक्यांसारखी माणसं पसरलेली असतात आणि मग एका सकाळी नसतात.

या दिवसांना नंदेश्वरांच्या घरात कुणी काम म्हटलेलं नाही आणि पाहुणचारही म्हटलेलं नाही. ती सुट्टीच. म्हणूनच मिनलनं विचारलं तेव्हा चंद्रभानच्या तोंडून ते उत्तर आलं.

घरी आल्यावर जयानं सासऱ्यांना सगळं सांगितलं. लहानूजी आता अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आहेत, ऐकू नीट येतं. त्यांनी काचेची एक वाटी उजेडात धरून पाहिली.

"चांगलं आहे. जा ना मंग."

"अन् चंपतराव?" जयानं विचारलं.

"मी आहो ना घरी. त्याहिले काय, दार उघडं पाह्यजे." मग त्यांनी वाटी खाली ठेवली. "पण पंचवीस साल म्हणतेस तू. पंचवीस साल दार उघडाले मी थोडीच राहीन वं."

त्यांनी हे हिशेब सांगावा तसं सांगितलं आणि टीव्ही लावला. पियुष म्हणाला, पाहुण्यांसाठी हॉल बुक करून देऊ. मेघा म्हणाली, धुकं पाहाले जाऊन राहिलो का हॉल पाहाले? ती सोळा वर्षांची आहे आणि जीभ आजोबांची आहे. चंद्रभाननं काहीच मत दिलं नाही. तो एवढंच म्हणाला की ठरवायचं जयानं. घरात सगळ्यांत जास्त तीच उभी असते.

त्या रात्री जयाला झोप लागली ती धुक्यातच. सकाळी उठून ती लॉन्ड्रीत गेली, आणि तिच्या लक्षात आलं की तिला राग आला आहे. चंपतरावांचा नव्हे, सासऱ्यांचाही नव्हे. वर्षातला जो एकच आठवडा आपला, तोही आधीच दिलेला निघावा याचा. तो राग वाफेत चार दिवस टिकला. वाफेत कपडे लवकर वाळत नाहीत, तसाच.

तर आज सोमवार. रोलरच्या पलीकडून पार्वतीबाईंनी चादर ताणता ताणता तिच्याकडे पाहिलं. त्या जयाहून दहा वर्षांनी मोठ्या, गेली कित्येक वर्षं तिच्या समोर उभ्या आहेत.

"काहून वं, तोंड शिवलं का? चार दिस झाले, चादरीशीच बोलून राहिली."

जयानं सांगितलं. तुकड्या-तुकड्यानं, दोन चादरींच्या मधल्या वेळात. पार्वतीबाईंना धुक्याचं काही वाटलं नाही. त्यांना एकच गोष्ट खटकली.

"एकच आठवडा तुले खाली राह्यते म्हणून कोणं सांगितलं?"

"मंग दुसरा कोणता आहे?"

"आता महालक्ष्म्या झाल्या. माह्या जागी कोण होतं? तू. पोळ्याले? तू. मांगच्या दिवाळीले चौघीच्या पाळ्या तू केल्या. अन् बदल्यात मांगते काय? दसरा. बाकीचं कोणाच्या घरी ठेवलं वं?"

रोलरनं चादर आत ओढली. जया पुढची उचलायची थांबली. घडी घालणारीनं पलीकडून हाक मारली तेव्हा तिचे हात पुन्हा चालू लागले.

हे तिला कधीच सुचलं नव्हतं. ज्या दिवशी आपल्याकडे काही नसतं त्या दिवशी दुसऱ्यांसाठी उभं राहायचं आणि दसऱ्याला त्यांनी आपल्यासाठी, इतकं ते साधं होतं. सण देऊन सण घ्यायचा. कुठला तरी साधा मंगळवारही मागता येतो, हे ना तिच्या ध्यानात आलं होतं ना चंद्रभानच्या. महालक्ष्म्यांच्या वेळी चंद्रभान सलग तीन दिवस सेक्शनमधल्या रुपरावच्या जागी खांबावर चढला होता. रुपराव प्रसादाचा डबा घेऊन घरी आला तेव्हा म्हणाला होता, तुले पाह्यजे तेव्हा सांग गा. चंद्रभान म्हणाला होता, राहू दे, दसऱ्याले पाहू.

जेवणाच्या सुट्टीत जया बाहेर आली. अंगणात दोऱ्यांवर टॉवेल वाळत होते, भादव्याचं ऊन त्यांच्यावर पडून डोळ्यांवर येत होतं. तिनं चंद्रभानला फोन लावला.

"आकाश कसं आहे?"

"आकाश? साफ आहे. काहून?"

"उद्या परवा?"

लाइनमनला हे विचारलं की तो चेष्टा करत नाही. चंद्रभान बहुधा वर बघत होता. "काही दिसत नाही. दोन दिवस तरी नाही."

"मंग रुपरावले सांगा, उद्या तुमच्या जागी उभा राह्य म्हणावं."

पलीकडे कुणीतरी शिडी ओढत होतं.

"उद्या?" चंद्रभान म्हणाला. "उद्या काय आहे?"

"काही नाही. मंगळवार आहे."

तिनं पियुषला फोन करून खिंडसीचा एक लॉज शोधायला सांगितला. खिंडसी म्हणजे रामटेकजवळचा तलाव, नागपूरहून एसटीनं सकाळी निघालं तर दुपारच्या जेवणाला पोचता येतं. पाण्याकडे तोंड करून खोल्या आहेत, हे तिनं कुणाकडून तरी ऐकलं होतं. पियुषचा उलट फोन पाच मिनिटांत आला. लॉजवाला म्हणाला होता, पितृपक्षात मंगळवारी कोण येते, सगळा लॉज खाली आहे, पाह्यजे ती खोली घ्या. एक रात्र. मेघाचं दुपारपर्यंत प्रॅक्टिकल होतं. ती नंतरच्या एसटीनं येणार होती. तिचं उत्तर होतं की पुऱ्या करणार असाल तरच.

संध्याकाळी मिनलचा फोन आला तेव्हा जया बसथांब्यावर होती. मिनलनं आधी तब्येत विचारली, मग योजना पुन्हा एकदा सांगितली. जयानं मध्ये अडवलं नाही. शेवटी तिनं विचारलं, ठराविक आठवडा नको, दुसरी योजना घेतली आणि आमाले आज कळलं की उद्या सुट्टी आहे, तर उद्याची खोली मिळते का?

"उद्याची?" मिनल म्हणाली. "रिकामी असेल तर मिळेलही ताई. पण त्याचा भरवसा मी देऊ शकत नाही."

"अन् एखाद्या वर्षी गेलोच नाही तर?"

काही अटींवर आठवडा पुढच्या वर्षी ढकलता येतो, मिनल म्हणाली, पण देखभालीची रक्कम दरवर्षी भरावीच लागते. गेलात तरी, न गेलात तरी.

"मंग आमचं नाही जमत, बाई. ज्याहिची सुट्टी कॅलेंडरवर छापून येते त्याहिच्यासाठी चांगलं आहे."

मिनल म्हणाली, विचार बदलला तर नंबर आहेच. तिच्या आवाजात राग नव्हता. पलीकडे दुसरा फोन वाजत होता, तो तिनं उचलला.

बस यायला वेळ होता. जयाला वाटलं होतं की नाही म्हटल्यावर ती धुक्याची खोली विझेल. ती विझली नाही. फक्त खिडकीबाहेरचं धुकं थोडं हललं आणि त्यामागं पाणी दिसलं, सपाट, राखाडी. लॉजची चादर बहुधा पिवळट असेल, इस्त्री तर नसेलच. कोपरा कुणीतरी घाईत खोचलेला असेल. जयानं ठरवलं की आपण तो सरळ करायचा नाही. हे तिला कितपत जमेल याची तिला शंका होती.

घरी लहानूजी गच्चीवर होते. दसरा तीन आठवड्यांवर आला की ते टाकी धुवायला काढतात. जयानं त्यांना सोबत चला म्हटलं. ते म्हणाले, पाणी मले टाकीतच दिसून राहिलं, तुम्ही जा. ताडपत्री त्यांनी उलगडून दोरीवर टाकली होती, तिला कुठं भोक पडलं आहे का ते बघत होते. एका ठिकाणी पडलं होतं. त्यातून मावळतीचा एक ठिपका त्यांच्या बनियनवर पडला होता आणि ते हलले की तोही हलत होता.

खाली चंद्रभान आला. त्यानं कामाचा फोन रुपरावकडे ठेवला होता. रिकामा खिसा तो सारखा चाचपत होता. त्यानं विचारलं, किती दिवसांची बॅग भरायची? जया म्हणाली, एका रात्रीची. तो म्हणाला, मग बॅग कशाला, पिशवी पुरे. तरीही जयानं बॅग काढली. तीच होती, पचमढीची.

लॉन्ड्रीतून निघताना तिनं पार्वतीबाईंना विचारलं होतं, उद्या माझ्या जागी उभ्या राहाल का. पार्वतीबाई चपला घालत होत्या. त्यांनी वर पाहिलंही नाही. म्हणाल्या, हे विचाराले अकरा वर्षं लागली तुले, आता जा.

उद्या पहिली पाळी नेहमीप्रमाणे सहाला सुरू होते; उजव्या बाजूला घडी घालणाऱ्यांतली एक येईल. रोलरच्या डाव्या बाजूला उद्या पार्वतीबाई असतील.